गुणो पाडेलीचे पडणे

देवीच्या अंगावर कौलाच्या पाकळ्या लावताना मी एकदा लबाडी केली. आम्ही गावचे गुरव. देवळातली पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे, आणि देवीला प्रश्न विचारायचा झाला की ओल्या पाकळ्या तिच्या पाषाणावर चिकटवण्याचे कामही आमचेच. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळी लावणाऱ्याच्या हाताला मन असू नये, असे माझे वडील सांगत. माझ्या हाताला त्या दिवशी मन होते. वडिलांना मी हे कधी सांगितले नाही, पत्नीला सांगितले नाही, आणि ज्याला त्याची झळ लागली त्याला सांगायला मला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

पण मला माझ्याविषयी लिहायचे नाही. लिहायचे आहे ते गुणोविषयी. ही कबुली आधी दिली नसती तर पुढचे सगळे कौतुक मला स्वतःलाच खोटे वाटले असते, म्हणून ती वर लिहून ठेवली.

गुणाजी त्याचे नाव. गोव्यातल्या डिचोलीत, सर्वणला, आमच्या आसपासच्या सगळ्या वाड्यांवर त्याला गुणो पाडेली म्हणत. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. वयाने तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, त्यामुळे तोंडावर मी त्याला गुणोमामा म्हणे. मात्र गावात त्याचा उल्लेख एकेरीच होई आणि इथेही मी तसाच करतो. आमच्याकडे जवळच्या माणसाला अहोजाहो केले तर त्याला आपण काहीतरी अपराध केला असे वाटू लागते.

उंचीने तो बेताचा होता. छाती माडांना घासून घासून खरबरीत झालेली. पाहण्यासारखी होती ती त्याची पावले. पायांची बोटे हाताच्या बोटांसारखी सुटी सुटी, आणि सपाट जमिनीवर चालतानाही ती काहीतरी पकडू पाहत आहेत असे वाटे. कमरेला काष्टी, पाठीमागे आकडीत अडकवलेला कोयता. चढण्याआधी तो माडाच्या खोडावर तळहात ठेवून क्षणभर उभा राही. तो नमस्कार करतो असे लोक समजत. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की नमस्कार वगैरे काही नाही, आपण येत आहोत एवढे तो माडाला कळवतो. न सांगता कोणाच्या डोक्यावर चढणे बरे दिसत नाही.

मग तो वर जाई, आणि वर गेला की त्याच्यातला विनोदी माणूस पूर्णपणे नाहीसा होई. तिथे त्याचा हात चुकत नसे, पाय घसरत नसे. खाली आल्यावर मात्र अंगणातल्या दोन इंच उंचीच्या पायरीला अडखळून तो असा काही कोलमडे की घरातली माणसे धावत बाहेर येत, आणि तोवर हा पायरीवर मांडी घालून चहाची वाट पाहत बसलेला असे. याबद्दल त्याचे एक ठरलेले वाक्य होते.

“माडार एकदांय पडूंक जायना,” तो म्हणे, “म्हूण माचयेर पडटां.”

माची म्हणजे रंगमंच. माडावर एकदाही पडून चालत नाही, म्हणून तो आपले सगळे पडणे रंगमंचावर आणून ठेवी.

रंगमंचावर तो आला तोही अपघातानेच. आमच्या जत्रेत गावातल्या हौशी मंडळींचे मराठी नाटक होते, पौराणिक किंवा ऐतिहासिक, भरजरी आणि लांबलचक. गुणो त्या मंडळीत पडदा ओढण्याचे काम करी. हे मी माझ्या वडिलांकडून ऐकले आहे, कारण तेव्हा मी पाळण्यात होतो. एका वर्षी दुसरा अंक संपला आणि पडदा अर्ध्यावर अडकला. सिंहासन हलवणारी माणसे, धोतर सोडून बसलेला सम्राट, विडी ओढणारी महाराणी, सगळे लोकांना दिसू लागले. दोरी सोडवण्यासाठी गुणो समोरून मांडवाच्या खांबावर चढला. चढताना त्याला लोकांचे हसू ऐकू आले असावे. निम्म्यावर जाऊन तो थांबला, खाली पाहिले आणि भीतीने खांबाला घट्ट मिठी मारली. गावातल्या सर्वांत उंच माडावर जाणारा माणूस पुरुषभर उंचीवर थरथरू लागला. मग त्याने सुटण्याचे जे जे प्रयत्न केले, त्यांत मांडव कोसळायचा तेवढा राहिला. दोरी केव्हाच सुटली होती, पडदा व्यवस्थित खाली आला होता, पण ते कोणाच्या लक्षात नव्हते. त्यानंतर मंडळीने पडद्याला दुसरा माणूस नेमला आणि दोन अंकांच्या मधला मोकळा वेळ गुणोला दिला.

तिथे तो एक शब्दही बोलत नसे. आरंभी याला कारण संकोच होते. त्याचे शिक्षण जेमतेम, नाटकातले मराठी जड, आणि घरातली बोली रंगमंचावर आणण्याची तेव्हा रीत नव्हती. पुढे त्या संकोचाचेच त्याने बळ केले. सकाळी सायकलवरून पाव विकणारा पदेर तो करी. सायकल नाही, टोपली नाही, पाव नाहीत. पण चढणीला त्याची पिंढरी फुगलेली दिसे आणि उतारावर कुत्रे मागे लागले की पहिल्या रांगेतली मुले पाय वर घेत. दुसरा प्रवेश जनेलाचा. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. नसलेले जनेल उघडण्यासाठी तो घाम गाळी, अखेर ते उघडे, आणि बाहेर पाहून तो इतक्या घाईने बंद करी की बाहेर त्याला काय दिसले यावर लोक दुसऱ्या दिवशीही वाद घालत.

पण त्याची खरी कीर्ती ‘बहिऱ्या भाटकारा’ची. भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. आमच्या गावातली निम्मी घरे मुंडकारांची होती, त्यामुळे हा प्रवेश काय आहे ते कोणाला समजावून सांगावे लागत नसे. गुणो नसलेल्या खुर्चीत ऐसपैस बसे. प्रेक्षकांतल्या एखाद्याला बोटाने वर बोलावी. त्या माणसाने मुंडकार होऊन काहीतरी मागायचे, किंवा केलेली चूक कबूल करायची. तो बिचारा लाजत हळूच बोले. भाटकार एक हात गुडघ्यावर ठेवी, हनुवटी वर करी आणि दुसऱ्या हाताचा पंजा कानामागे नेई. मुंडकार आवाज चढवी. पंजा तसाच. शेवटी तो माणूस आपले म्हणणे बेंबीच्या देठापासून ओरडून सांगे आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना ते कळे. तेव्हा कुठे पंजा खाली येई आणि भाटकार मान डोलावी. एका सावकारी करणाऱ्या गृहस्थाने, मी माझ्या कुंपणाची निवडुंगे दर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या जागेत थोडी थोडी पुढे सरकवतो, हे असेच ओरडून सांगितले होते. गंमत म्हणून सांगितले, असे ते नंतर म्हणाले; पण कुंपण मागे गेले.

त्याचे स्वतःचे काही नेम होते. देवाची, मेलेल्या माणसाची आणि अपंगाची नक्कल तो करत नसे. भाटकार बहिरा नव्हेच, असे तो सांगे; ज्याला ऐकायचे नसते त्याची ती नक्कल. दुसरा नेम असा की गावातल्या ज्या माणसाची नक्कल केली असेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक सोललेला नारळ घेऊन जाई. बोलत काही नसे. नारळ ओट्यावर ठेवायचा, घरच्याने तो उचलायचा, की हिशेब मिटला. नारळ परत केल्याचे कोणाचे उदाहरण नव्हते.

माणसांचे निरीक्षण तो पायांपासून सुरू करी. कोणी बोलू लागले की याची दृष्टी खाली. समोरच्याला वाटे, हा किती नम्र आहे. “तोंड फट उलयता,” तो म्हणे. “पांयांक फट येना.” तोंड खोटे बोलू शकते, पायांना ते जमत नाही.

मी कॉलेजात शेवटच्या वर्गांत होतो तेव्हा गोव्याच्या राजभाषेचा वाद पेटला. कोकणी की मराठी, यावर घरे दुभंगली. आमचा गाव मराठीच्या बाजूचा होता. देवळातली आरती, भजन, नाटक, शाळेतले पुस्तक, पत्रव्यवहार, सगळे मराठीत. घरात मात्र आम्ही जी बोलतो ती बोली, जिला एक बाजू कोकणी म्हणे आणि दुसरी मराठीचेच रूप म्हणे. मी त्या वेळी सभांतून भाषणे करू लागलो होतो. माझे मराठी चांगले होते, आणि ते चांगले आहे याची मला जाणीव त्याहून चांगली होती. वाक्य संपत आले की माझ्या नकळत माझ्या टाचा उचलल्या जात आणि मी चवड्यांवर उभा राही. हे मला ठाऊक नव्हते. गुणोला होते.

त्या वर्षीच्या जत्रेच्या नाटकात, पहिल्या अंकानंतर, तो नाकावर नसलेला चष्मा सावरत आला. त्याने बोट उंचावले, ओठ हलवू लागला, आणि दर वाक्याला टाचा उचलू लागला. मांडवाने ओळखायला फारसा वेळ घेतला नाही. त्याच्या टाचा दर वाक्याला आणखी वर जात होत्या. खाली उतरायला त्याला वाक्यच संपत नव्हते. शेवटी अगदी अंगठ्यांच्या टोकांवर उभा राहून, बोट आभाळाकडे करून, तो एखाद्या तोडलेल्या माडासारखा आडवा झाला. सगळे हसले. माझी आई हसली, आणि वडिलांनी पंचा तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नारळ घेऊन आमच्या अंगणात उभा होता. मी आतल्या खोलीत होतो. मी घरी नाही असे सांगण्यास मी बहिणीला सांगितले. त्याने नारळ ओट्यावर ठेवला. तो मी उचलला नाही. आईने संध्याकाळी तो स्वयंपाकघरात नेला, पण नेमाप्रमाणे तो मी उचलायला हवा होता.

पुढच्या उन्हाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ उतरवताना गुणो एका घासाघीस करणाऱ्या बाईची मूक नक्कल करीत होता, ती बार्देशच्या कायतान नावाच्या माणसाने पाहिली. कायतानची तियात्र करणारी मंडळी होती. तियात्र म्हणजे ख्रिस्ती समाजातले गाण्यांचे कोकणी नाटक. त्याने गुणोला आपल्या खेळात, दोन प्रवेशांच्या मध्ये, उभे केले. कायतानचे एक वाक्य गुणो अभिमानाने सांगे: “ह्या मनशाक उतरां नाकात. जागो दी, पुरो.” ह्याला शब्द नकोत, जागा द्या, पुरे. गुणोने तिथेही तोच पदेर केला, तेच जनेल उघडले, आणि तिथला भाटकारही बहिराच निघाला. त्याला दोन्ही मांडवांत काही फरक दिसला नाही. आम्हाला दिसला. म्हापशात फळीवर रंगवलेले त्याचे नाव आमच्यातल्या एकाने पाहिले आणि गुणो पलीकडच्या बाजूला गेला, अशी बातमी गावात पोहोचली.

दोन्ही बाजूंची माणसे त्याच्याकडे जात. एकदा दोन्ही एकाच सकाळी पोहोचली. आम्ही चौघे एका बाजूने, बार्देशचे तिघे कोकणीवाले दुसऱ्या बाजूने. त्याची मातृभाषा कोणती हे त्याने जाहीर करावे, अशी उभयतांची मागणी. गुणोने सर्वांना बसायला चटई घातली, आईला चहा ठेवायला सांगितले आणि समोरच्या माडावर चढला. वरून तो नारळ पाडू लागला. नारळ आमच्या अंगावर पडत नव्हते, पण ते पडणारच नाहीत अशी खात्री देता येईल इतके दूरही पडत नव्हते. आम्ही चटई मागे घेतली. बार्देशच्यांनी मागे घेतली. मागे सरकता सरकता दोन्ही पक्ष एकाच गोठ्याच्या वळचणीला अंग चोरून उभे राहिले, आणि चहा तिथेच प्यावा लागला. आम्ही निघून गेल्यावरच तो उतरला. त्यांना काय उत्तर दिलेस, असे कोणी विचारले की तो म्हणे, “नारळ पाडले.”

आंदोलनात रस्त्यांवर झाडे आडवी टाकली गेली. म्हापशाच्या वाटेवर पडलेल्या एका माडाजवळ तो बराच वेळ उभा होता असे मी ऐकले. त्या माडावर तो वर्षानुवर्षे चढलेला होता.

त्यानंतरची जत्रा आली. आम्ही तरुणांनी नाटक मंडळीपुढे म्हणणे मांडले की गुणोला या वर्षी उभे करू नये. थोरल्यांना ते पटले नाही. काहींना आमची भीती वाटली. थोरले गावकर, म्हणजे देवळाचे मुख्य मानकरी, यांनी अखेर तोड काढली. मांडव देवीचा आहे, तर तिथे कोणी उभे राहायचे ते देवीलाच विचारू. गुणोला निरोप गेला. तो आनंदाने कबूल झाला. माणसांचा त्याला कंटाळा आला होता, देवीची त्याला खात्री होती.

वडिलांना ताप होता. सकाळची पूजा माझ्याकडे आली.

कौल कसा लावतात हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि पाकळी लवकर कशाने निसटते हेही मला ठाऊक होते. उजव्या जागेचा पाषाण मी पंच्याने कोरडा पुसला, गंधाचा एक बारीक ठिपका लावला आणि त्यावर पातळ पाकळी दाबून बसवली. डाव्या जागी जाड देठाची, पाण्याने निथळणारी पाकळी नुसती टेकवली. बाहेर चौकात गाव बसला होता. गुणोची म्हातारी आई पुढेच होती, जत्रेच्या नाटकाला बसे तशी. थोरल्या गावकरांनी गाऱ्हाणे घातले: “आई, तुज्या माटवांत गुणाजीन उबें रावचें काय ना, तें तूं सांग.”

डावी पाकळी पडली.

मी मान वळवली तेव्हा गुणो देवीकडे पाहत नव्हता, पाकळीकडेही नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि माझ्या पायांकडे पाहत होता. मीही खाली पाहिले. माझ्या टाचा उचललेल्या होत्या.

त्याने हात जोडले आणि देवीला पाठ न दाखवता, मागे मागे पावले टाकत, तो चौकातून बाहेर गेला. अडखळला नाही.

मी हे मराठीसाठी केले, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगितले. ते खरे असते तर मला ते अभिमानाने सांगता आले असते. मी ते जत्रेतल्या त्या हशापायी केले.

थोड्याच महिन्यांत कायदा झाला, गोव्याचे राज्य झाले, वाद हळूहळू सभांतून उठून पुस्तकांत जाऊन बसला. मी शाळेत मराठीचा शिक्षक झालो. गुणोचे काम थांबले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कायतान आखातात गेला तोवर गुणो त्याच्या मंडळीत होता. पुढे पाळीला खाणीवरच्या कामगारांच्या मेळाव्यात, फोंड्याला देवळांच्या उत्सवांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतही त्याने खेळ केले. खाणीवर कोल्हापूर-बेळगावकडून आलेले कामगार त्याला ‘नारळवाले मामा’ म्हणत. विदेशी पर्यटकांपुढे त्याने जनेल उघडले तेव्हा एक बाई बाहेर काय आहे ते पाहायला खरोखर उठून आली होती. एका संस्थेने त्याला शाल दिली. त्या शालीची गाठ सोडवण्याचा त्याने एक नवा प्रवेश केला.

पण आमच्या मांडवात तो पुन्हा उभा राहिला नाही. पहिल्या वर्षी त्याची आई माझ्या वडिलांकडे आली. मी पडवीत वह्या तपासत होतो.

“माज्या पुतान किदें चुकयलें, गुरवा?” तिने विचारले.

वडील म्हणाले, “देवीचें मन, आये. आमी कोण विचारपी?”

ती परत जाताना मी तिच्याकडे पाहिले नाही. मुलाला आपल्या गावच्या मांडवात पुन्हा न पाहताच पुढे ती वारली.

राज्य झाल्यानंतर दोन-तीन जत्रांनी मंडळीच त्याच्याकडे गेली, त्यांत काल विरोध करणारेही होते. पुन्हा कौल लावू, असे सुचवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “आवयक एकदां विचारलां. ना म्हणटकच परत विचारूं नये.” आईला एकदा विचारले, ती नाही म्हणाली, मग पुन्हा विचारू नये. पुढे दर काही वर्षांनी कोणीतरी विचारी, आणि उत्तर तेच येई. जत्रेच्या सकाळी मात्र तो न चुकता देवळासाठी नारळ घेऊन येई. माझ्या हातात देई. मी घेई. तो उंबऱ्याबाहेरूनच देवीला हात जोडी आणि जाताना एकदा माझ्या पायांकडे पाही. वडील गेले, पूजा माझ्याकडे आली, माझे केस पांढरे झाले. हा क्रम चुकला नाही.

मागच्या जत्रेच्या सकाळी तो काठी टेकत आला. माडावर चढणे त्याने केव्हाच सोडले होते, नारळ नातवाने पोत्यातून आणून टाकले. घरची माणसे म्हणत की त्याला आता कमी ऐकू येते. देवळाच्या दारातल्या दगडी सोप्यावर, म्हणजे बाकासारख्या बैठकीवर, तो बसला. चौकात बायका हार ओवीत होत्या, दोघेजण ध्वनिक्षेपकाची तार ओढत होते. डोंगराच्या पलीकडच्या वळणावर कुठेतरी सायकलचा भोंगा वाजला. मला तो ऐकू आला की नाही अशी शंका होती.

“पदेर आयलो,” गुणो म्हणाला.

थोड्या वेळाने पदेर खरोखरच आला आणि गेला. मग गुणो माझ्याकडे न पाहता बोलला.

“आयज कौल लावशी? रावपाक न्हय. आतां रावंक पांय खंय आसात. फकत विचार, अजून राग आसा काय.” त्याला मांडवात उभे राहायचे नव्हते; देवीचा राग अजून आहे का, एवढेच विचारायचे होते.

मी आत गेलो. पाकळ्या पाण्यात भिजत होत्या. त्या हातात घेतल्या आणि देवीसमोर उभा राहिलो. उजवी पाकळी आपोआप पडली असती तरी त्यात एक खोटे मिसळले असते, कारण मूळ प्रश्नच खोटा होता. तिला राग कधी नव्हताच. पाकळ्या मी ताम्हनात परत ठेवल्या. त्याने आणलेल्यांतला नव्हे, माझ्या घरून पूजेला आणलेला एक सोललेला नारळ उचलला, बाहेर आलो आणि सोप्यावर त्याच्यासमोर ठेवला.

त्याने नारळाकडे पाहिले. उचलला नाही.

मी त्याच्याजवळ वाकलो. इतकी वर्षे मनात घोळवलेली वाक्ये माझ्याजवळ तयार होती, नीट बांधलेली, शुद्ध. मी हळूच म्हणालो, “गुणोमामा, त्या वर्षीचा कौल देवीचा नव्हता. उजव्या पाकळीखाली मी गंध लावले होते. आपल्यावर माझ्या हातून अन्याय झाला.”

त्याने एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा पंजा कानामागे नेला.

मी पुन्हा सांगितले, थोडे मोठ्याने. हार ओवणारी एक बाई थांबली. पंजा तसाच होता. हनुवटी मात्र वर गेली होती, आणि तो दगडी सोप्यावर जसा बसला होता तसे दगडी सोप्यावर कोणी बसत नाही. तसे फक्त एका नसलेल्या खुर्चीत बसता येते. डोंगरापलीकडचा भोंगा ऐकणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

तेव्हा मला कळले की नारळाने भागणार नाही. मी सरळ उभा राहिलो. तार ओढणारे थांबले होते, चौकातली सगळी तोंडे आमच्याकडे वळली होती. त्याची दृष्टी खाली, माझ्या पायांवर होती. मी टाचा जमिनीला टेकवल्या. बांधून आणलेली वाक्ये एकही आठवेना. उरली ती घरातली बोली, आणि तिच्यात मी आजवर कधीच एवढ्या मोठ्या आवाजात बोललो नव्हतो.

“गुणोमामा, देवीन तुका केन्नाच ना म्हणूंक ना. पाकळी हांवें सैल लायल्ली. ती न्हय, हांव तुजेर रागार आशिल्लों. माका माफ कर.”